घरमालकीणबाईंना दिलेले बारा हजार पेसो

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, माझी मुलगी फिलिपिन्समध्ये दावाओ शहरात डॉक्टरकी शिकते. हे तिचं तिसरं वर्ष. एका कुटुंबाच्या वरच्या मजल्यावर ती भाड्यानं राहते, महिना ७,००० पेसो. घरमालकीणबाई फार मायेच्या आहेत. पोरीला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसल्या होत्या. त्यांचे यजमान केळी पॅक करण्याच्या शेडमध्ये होते, मार्चमध्ये त्यांचं काम सुटलं. मोठी मुलगी हाँगकाँगला घरकामाला आहे, तिच्या पैशांवर घर चालतं. गेल्या महिन्यात धाकट्याची कॉलेजची फी भरायला बाईंनी माझ्या मुलीकडे १२,००० पेसो उसने मागितले आणि तिनं आम्हाला न विचारता दिले. इकडे टीव्हीवर तिथले मोर्चे, माजी राष्ट्राध्यक्षांची अटक, उपराष्ट्राध्यक्षांवरचा महाभियोग असं सारखं दाखवतात. आमचे हे म्हणतात, पैसे बुडाले समज आणि पोरीला परत आण. ती म्हणते, सगळं ठीक आहे. काय करावं? आणि एवढा शिकलेला, फाडफाड इंग्रजी बोलणारा देश, तरी घरटी एक माणूस बाहेर का?
— एक आई, कारेलीबाग, बडोदा

उत्तर : ताई, तुमचं पत्र तीनदा वाचलं. मोर्चे, अटक, महाभियोग हे वाचून पुढे जात होतो आणि दर वेळी एकाच ओळीशी अडत होतो : "मार्चमध्ये त्यांचं काम सुटलं." तुमच्या लेकीच्या त्या घरात जे काही बदललं ते तिथून बदललं. म्हणून आधी त्याबद्दल बोलतो, पैशांचं आणि परत आणण्याचं मग.

नव्या वाचकांसाठी सांगतो, १९८१ ते १९९८ मी मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. आपले खलाशी आम्हाला 'मार्कोनी साहेब' म्हणत. ब्रिजच्या, म्हणजे जहाज जिथून हाकतात त्या खोलीच्या, मागे माझी खोली. भिंतीवर घड्याळ, त्याच्या तबकडीवर १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटांच्या जागी लाल पट्टे. दर तासाला त्या तीन-तीन मिनिटांत सगळ्यांनी गप्प बसून नुसतं ऐकायचं, कुठलं जहाज संकटात तर नाही ना. माझ्या सतरा वर्षांतली अकरा फिलिपिनो खलाशांबरोबर गेली. घरी बोलायचं तर त्यांना माझ्या खोलीत यावं लागे. मी किनाऱ्यावरचं स्टेशन पकडून द्यायचो. कमीत कमी तीन मिनिटांचे पैसे पगारातून कापले जात. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. आवाज मधेच बुडायचा, त्यामुळे मला उठून बाहेर जाता येत नसे, आणि म्हणून त्या घरांमधलं सगळं माझ्या कानावर पडलं. भाषा कळत नव्हती, पण ती माणसं किमती स्पॅनिश नाहीतर इंग्रजी आकड्यांत सांगतात. आकडे सुरू झाले की मला समजे : तांदूळ, फी, औषध.

आमचा बोसन, म्हणजे आपल्या जुन्या खलाशी भाषेतला सारंग, नेग्रोस बेटाचा होता. नेग्रोस म्हणजे ऊस. बीडहून कोयता घेऊन निघणाऱ्या टोळ्या आपल्याला ठाऊक आहेत, तसे तिथले 'साकादा'. तोड संपली की पुढच्या तोडीपर्यंत हाताला काम नाही. त्या महिन्यांना तिथे स्पॅनिशमध्ये 'तिएम्पो मुएर्तो' म्हणतात, मेलेला काळ. अमेरिकेत साखर घालण्याची जुनी सवलत १९७४ मध्ये संपली, पुढे जगात साखरेचे भाव कोसळले, आणि देशातला साखरेचा व्यापार राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या एका मित्राच्या मुठीत होता. त्यातच २१ ऑगस्ट १९८३ ला विरोधी नेते बेनिग्नो अकिनो यांना मनिला विमानतळावर उतरताच गोळी घातली गेली. श्रीमंतांनी आपला पैसा देशाबाहेर काढला, ऑक्टोबरात सरकारनं परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, पेसो घसरला. १९८४ मध्ये महागाई ५० टक्क्यांच्या आसपास गेली. १९८४ आणि १९८५, दोन्ही वर्षं देशाची अर्थव्यवस्था सुमारे ७-७ टक्क्यांनी आक्रसली. नेग्रोसच्या मालकांनी ऊस लावणंच सोडलं. बोसनचे वडील ज्या शेतावर जन्मभर राबले, तिथे मेलेला काळ संपलाच नाही. दहा माणसांचं घर बोसनच्या पगारावर आलं.

फेब्रुवारी १९८६ मध्ये आम्ही अरबी समुद्रात होतो. बीबीसी लावली की माझ्या दाराबाहेर पंधरावीस जण गोळा व्हायचे. २२ तारखेला संरक्षणमंत्री आणि एका सेनापतीनं बंड केलं. त्यांना वाचवायला रस्त्यावर या, असं मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल सिन यांनी चर्चच्या रेडिओ व्हेरिटासवरून लोकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या स्टेशनचा ट्रान्समीटर फोडला गेला. रेडिओवाला म्हणून मला ते फार लागलं. मग दुसऱ्या छोट्या ट्रान्समीटरवरून आवाज पुन्हा सुरू झाला, तेव्हा बाहेर उभी असलेली दांडगी माणसं ढसाढसा रडली. २५ तारखेला मार्कोस देश सोडून गेले. त्या रात्री कोणीतरी ब्रिजवरच्या कपाटातून खुणेच्या निशाणांतलं 'क्यू'चं निशाण आणलं, ते अख्खं पिवळं असतं, आणि मेसमध्ये टांगलं. पिवळा हा अकिनोंचा रंग. कप्तानानं पाहिलं आणि काही बोलला नाही.

बोसन सगळ्यांत मोठ्यानं गात होता. अकराच्या सुमारास तो माझ्या खोलीत आला, दार लोटून घेतलं आणि एक चिठ्ठी पुढे केली. मनिलातल्या एजंटला तार करायची होती : या महिन्याची अलॉटमेंट वेळेवर जमा होईल का, बँका उघड्या आहेत का. अलॉटमेंट म्हणजे पगारातला जो हिस्सा परस्पर घरी जातो तो. फिलिपिनो खलाशाला तो ठेवावाच लागतो. आजच्या नियमानं मूळ पगाराच्या किमान ८० टक्के. तीन दिवसांनी उत्तर आलं, 'अलॉटमेंट नेहमीप्रमाणे'. तो कागद त्यानं चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

ताई, हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण आहे. सरकार पडलं याचा त्याला मनापासून आनंद झाला होता. पण घरी तांदूळ पंधरा दिवसांचा होता, आणि तेही तेवढंच खरं होतं. १९७४ च्या नवनिर्माण आंदोलनात आपल्याकडे कर्फ्यू लागायचा, तेव्हा माझे वडील रावपुऱ्यात शिंप्याच्या दुकानात कपड्यामागे पैसे घेत. मी सतरा वर्षांचा, मोर्चात घसा बसेपर्यंत घोषणा दिलेला. आई काही बोलली नाही. तिनं त्या आठवड्यात पोळ्या मोजून केल्या. बोसनची चिठ्ठी हातात आली आणि मला त्या पोळ्या आठवल्या.

पुढचं ऐका. मार्कोस गेल्यावर बेनिग्नो अकिनो यांच्या पत्नी कोराझोन राष्ट्राध्यक्ष झाल्या. या अकिनो बाईंच्या राजवटीत लष्करातल्या लोकांनी पुन्हा पुन्हा बंडं केली. सगळ्यात मोठं डिसेंबर १९८९ मध्ये. मनिलाच्या मकाती भागात बंडखोर सैनिक दिवसेंदिवस हॉटेलांत आणि उंच इमारतींत ठाण मांडून बसले. बोसनचा धाकटा भाऊ तिथल्याच एका हॉटेलच्या धुलाईघरात होता. पाहुणे येईनासे झाले, त्याला घरी बसवलं. तो खलाशी भरती करणाऱ्या एका कचेरीत 'युटिलिटी' म्हणून लागला. म्हणजे फरशी पुसायची, चहा आणायचा, साहेबाची गाडी धुवायची, पगार नाही, कधीतरी जहाज मिळेल ही आशा. अकरा महिन्यांनी तो आमच्या जहाजावर मेसमन म्हणून चढला. नंतर १९९२-९३ मध्ये विजेचा दुष्काळ पडला, मनिलात रोज आठ-आठ, दहा-दहा तास दिवे नसत. जुन्या राजवटीनं बांधलेलं बातानचं अणुवीज केंद्र तयार असून चाललंच नाही आणि नवी केंद्रं वेळेत उभी राहिली नव्हती. बोसनची बहीण कपडे शिवायच्या कारखान्यात नगावर काम करायची. मशीन बंद तर नग नाही. ती १९९३ मध्ये हाँगकाँगला गेली. घरी राहिली आई आणि सगळ्यांची मिळून पाच पोरं.

तुमच्या 'का' या प्रश्नाचं माझं उत्तर हे घर आहे. त्या देशात वर एक हादरा बसला की खाली घरातलं एक माणूस बाहेर पडतं, आणि हादरा ओसरला म्हणून ते परत येत नाही. १९७४ मध्ये मार्कोस यांनी कामगार संहिता काढली, माणसं परदेशी पाठवण्याचं काम सरकारनं अंगावर घेतलं. तेलाचे भाव वाढले होते, देशात काम नव्हतं, आखातात बांधकामं निघाली होती. तात्पुरता उपाय म्हणून ते सुरू झालं. १९८८ मध्ये अकिनो बाईंनी हाँगकाँगला मोलकरणींच्या सभेत त्यांना देशाचे 'नवे वीर' म्हटलं. आज वीस लाखांहून जास्त फिलिपिनो करारावर बाहेर आहेत. २०२४ मध्ये बाहेरच्यांनी बँकांतून घरी धाडलेली रक्कम ३४ अब्ज डॉलरच्या वर होती, देशाच्या उत्पन्नाच्या आठ टक्क्यांजवळ. ज्या सरकारला अशी अलॉटमेंट दर महिन्याला येते, त्याला देशात काम काढण्याची घाई राहत नाही. हे माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

देशात काम मिळालं तरी ते कसं असतं, हे तुमच्या घरमालकीणबाईंच्या यजमानांना विचारा. सहा महिने काम झालं की नोकर कायम करावा लागतो, म्हणून अनेक ठिकाणी पाचव्या महिन्याअखेर माणसाला काढतात आणि पुन्हा पाच महिन्यांसाठी घेतात, किंवा घेत नाहीत. त्याला तिथे 'एन्डो' म्हणतात. तुम्ही ज्यांच्या अटकेचं लिहिलंत त्या माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी २०१६ च्या निवडणुकीत हे बंद करण्याचा शब्द दिला होता. कायदा संसदेत मंजूर झाला आणि जुलै २०१९ मध्ये त्यांनीच तो नाकारला. बेकारीचा सरकारी आकडा २०२४ मध्ये ४ टक्क्यांच्या आसपास दिसला खरा. पण आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही त्यात कामावरचाच धरतात.

आणि बाजार. डिसेंबर २०२२ मध्ये मनिलात कांदा किलोला ६०० पेसोंच्या वर गेला होता, म्हणजे आपले नऊशेच्या पुढे. नवे राष्ट्राध्यक्ष, जुन्या मार्कोस यांचे चिरंजीव, २० पेसो किलो तांदळाचं आश्वासन देऊन आले. सुरुवातीला शेतीखातं त्यांनी स्वतःकडेच ठेवलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये साध्या तांदळाची कमाल किंमत ४१ पेसो अशी बांधून द्यावी लागली. बाईंच्या घरी दिवसाला दीड किलो तांदूळ शिजत असेल तर तुम्हीच हिशोब करा.

आता परत आणण्याबद्दल. आणू नका. मोर्चे मुख्यतः मनिलात, ते दावाओपासून हजारेक किलोमीटर. २१ सप्टेंबर २०२५ चे मोठे मोर्चे पूरनियंत्रणाच्या कामांत खाल्लेल्या पैशांविरुद्ध होते, परदेशी विद्यार्थ्यांशी त्यांचा संबंध नव्हता. दावाओ हे मात्र दुतेर्ते यांचं गाव. मार्च २०२५ मध्ये त्यांना पकडून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे नेलं आणि मे महिन्यात तुरुंगात असतानाच तिथल्या लोकांनी त्यांना पुन्हा महापौर म्हणून निवडून दिलं. तेव्हा लेकीला सांगा, जेवणाच्या टेबलावर कोणी या विषयावर बोललं तर ऐकून घे, बाजू घेऊ नकोस, सभा-मोर्चाच्या जवळ फिरकू नकोस, फोटोही टाकू नकोस. परकीयानं राजकारणात भाग घेतला तर तिथे हद्दपारी होऊ शकते. मनिलातल्या आपल्या दूतावासाकडे आणि परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तिची नोंदणी झालेली आहे ना, ते आजच विचारा. आणि तुमच्या यजमानांना हे सांगा : परदेशातून डॉक्टर होणाऱ्यांना सगळा अभ्यासक्रम एकाच संस्थेत पुरा करावा लागतो असा आपल्या वैद्यकीय आयोगाचा २०२१ पासूनचा नियम आहे. मधेच उठवली तर तीन वर्षं पाण्यात.

पैशांचं सांगतो. तिथल्या घरात नड आली की गल्लीत मोटारसायकलवर येणारा सावकार असतो. पाच घ्या, सहा द्या, रोज थोडे थोडे. त्या धंद्याचं नावच 'फाईव्ह-सिक्स'. हा धंदा करणारे बरेचसे आपल्या पंजाबकडचे, आणि सगळ्याच भारतीयांना तिथे 'बॉम्बे' म्हणायची जुनी सवय आहे. २०१७ मध्ये दुतेर्ते यांनी त्यांना पकडण्याचे आदेश दिले, तरी नड असते तोवर सावकार येतोच. बाई त्याच्याकडे न जाता तुमच्या लेकीकडे आल्या. तिला त्यांनी घरचं धरलं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

पण पैसे तसेच लोंबकळत ठेवू नका. तागालोगमध्ये 'उतांग ना लोओब' असा शब्द आहे, आतलं ऋण. आपला ऋणानुबंध त्याच्या जवळचा. ते ऋण फिटलं नाही तर माणूस मान वर करून बोलत नाही. आज मायेनं वागणाऱ्या बाई उद्या जिन्यात लेकीला चुकवायला लागतील. म्हणून लेकीनंच म्हणावं, "मावशी, दर महिन्याच्या भाड्यातून हजार वळते करू." बारा महिन्यांत फिटलं. वहीत दोघींनी लिहायचं, दोघींनी सही करायची. सहा हजार त्यांच्या हातात रोख पडतातच, घर अडत नाही. सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्या असं मात्र कोणी म्हणालं तर देऊ नका. ते पैसे एका दिवसात जुन्या देण्यांत जातील आणि पुढचे महिने दोघींनाही अवघड जातील.

आणि बाईंचे ते यजमान. ताई, १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांवर उपग्रहाची नवी यंत्रणा सक्तीची झाली आणि माझ्यासारखे रेडिओ ऑफिसर जगभर एकदम नको झाले. मी एकेचाळीस वर्षांचा होतो. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी कोणी आलं की मी आतल्या खोलीत जायचो, कारण पहिला प्रश्न "सध्या काय?" असायचा. एका शेजाऱ्यानं एकदा बिघडलेला टेपरेकॉर्डर आणून दिला आणि दुरुस्तीचे चाळीस रुपये मी नको म्हणत असताना टेबलावर ठेवून गेला. पुढची वीस वर्षं मी दुरुस्तीवर जगलो. तुमच्या लेकीला रुग्णालयात जायला-यायला रोज काहीतरी वाहन लागत असेलच. यजमानांकडे मोटारसायकल असेल तर त्यांनी सोडावं, आणि ती बाहेर जे देते तेवढेच पैसे त्यांच्या हातात द्यावेत. बाईंच्या नको, त्यांच्या.

प्रश्न : काका, मुलं आजीजवळ टाकून वर्षानुवर्षं परक्या देशात धुणीभांडी करायला जाणाऱ्या त्या बायकांना काळीज नसतं का?
— एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर : अहो, हे वाक्य पुन्हा कोणासमोर बोलू नका.

बोसनच्या त्या बहिणीला मी १९९५ मध्ये हाँगकाँगला भेटलो. रविवार होता. शहराच्या मध्यभागी बँकांच्या उंच इमारतींखाली, चौकात, पुलाखाली हजारो फिलिपिनो बायका पुठ्ठे अंथरून बसतात. आठवड्याची एक सुट्टी, आणि बसायला स्वतःची खोली नाही. ती पुठ्ठ्यावर बसून कॅसेट भरत होती. हातात मुलाच्या शाळेच्या पुस्तकाची झेरॉक्स होती. त्याला इंग्रजी शुद्धलेखन जमत नव्हतं, म्हणून ती एकेक शब्द म्हणायची, मग त्याला लिहायला वेळ मिळावा म्हणून पाचापर्यंत मनात मोजायची, मग पुढचा शब्द. आजूबाजूला गलका, म्हणून टेपरेकॉर्डरवर ओढणीसारखा एक पंचा धरलेला. ती कॅसेट मी तिच्या भावांकडे पोचवली. जहाज पुढे मनिलाला जाणार होतं.

भाऊ केबिनमध्ये खोका भरत होते. 'बालिकबायान' खोका, परतणाऱ्याचा खोका : दंतमंजनाच्या नळ्या, साबण, डबाबंद मांस, टॉवेल आणि पाच जोडी बूट. बुटांचं माप म्हणून आजीनं पोरांची पावलं कागदावर गिरवून पाठवली होती. बोसन प्रत्येक पावलापुढे बोटभर जागा सोडून रेघ मारत होता. जहाज पोचेपर्यंत पाय वाढतात, म्हणाला. बहिणीची कॅसेट त्यानं सगळ्यात धाकट्या बुटात ठेवली.

ज्या देशात आपलं मूल शिकवायचं तर त्याला सोडूनच जावं लागतं, तिथल्या आईला काय विचारायचं ते त्या देशाच्या राज्यकर्त्यांना विचारा.

प्रश्न : माझ्या मुलानं खलाशाचा कोर्स केला आहे. एक एजंट जहाजावर लावण्यासाठी पावणेदोन लाख मागतो. म्हणतो, फिलिपिनो लोक स्वस्तात येतात म्हणून आपल्या मुलांना पैसे भरावे लागतात. खरं आहे का?
— एक वडील, शिंद्यांची छावणी, ग्वाल्हेर

उत्तर : भाऊ, साफ खोटं. मनिलाला रिझाल पार्कच्या कडेला कलाव नावाचा रस्ता आहे. तिथे सकाळपासून शेकडो खलाशी हातात प्लास्टिकची फाइल घेऊन झाडांखाली उभे असतात. एजंटांची माणसं पाट्या घेऊन येतात : अमुक जहाज, तमुक हुद्दा. मी तिथे तीनदा गेलोय. त्या उन्हात उभी असलेली पोरं तुमच्या मुलाच्या ताटातलं काढून घेत नाहीत. त्यांच्याकडूनही असेच खोटे एजंट पैसे उकळतात, आणि घरच्या म्हशीपासून आईच्या बांगड्यांपर्यंत सगळं विकून ते देतात.

नियम सांगतो. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे जहाजावर लावून देण्याचा खर्च मालकानं करायचा, खलाशाकडून नोकरीचे पैसे घ्यायचे नाहीत. हा करार लागू व्हायला तीस देशांची मान्यता लागत होती. ऑगस्ट २०१२ मध्ये फिलिपिन्सच्या सहीनं ती संख्या भरली आणि पुढच्या वर्षी करार अमलात आला. भारतानं २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. पासपोर्ट, खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक आणि वैद्यकीय प्रमाणपत्र एवढ्याचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो, बाकी काही नाही. आपल्याकडे भरती करणाऱ्या प्रत्येक संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात. त्याचा नंबर एजंटला फोनवर विचारा आणि महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरच्या यादीत पडताळा. नंबर द्यायला तो कां-कूं करेल, किंवा दुसऱ्याच कंपनीचा देईल. त्या कंपनीच्या नोंदवलेल्या नंबरावर स्वतः फोन करून हा माणूस तुमचा का, असं विचारा.

मुलाचं मूळ प्रमाणपत्र आणि ओळखपुस्तक त्याच्याकडे ठेवायला दिलं असेल तर उद्याच जाऊन परत आणा, एकटे जाऊ नका. पैसे अजून दिले नसतील तर देऊ नका. काही रक्कम दिली असेल तर कशी दिली, कोणत्या खात्यावर, त्याची पावती किंवा बँकेची नोंद आणि त्याचे मेसेज मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. तक्रारीचा अर्ज कसा लिहायचा ते मी तुम्हाला उलट टपाली लिहून देतो.